नवी दुर्बीण आली की जुनं ज्ञान चुकीचं ठरतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर मोठ्या दुर्बिणीनंतर 'विश्वाबद्दलच्या कल्पना बदलाव्या लागणार' अशी बातमी येते. मग दुर्बीण मोठी झाल्यावर नुसतं अधिक देखणं चित्र मिळतं, की समज खरोखर बदलते? आणि ती अशी वारंवार बदलत असेल, तर आज जे सांगितलं जातं त्यावर भरवसा का ठेवायचा?

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. समज बदलते, पण चित्र मोठं दिसल्यामुळे नाही. जे पूर्वी मोजताच येत नव्हतं ते मोजता येऊ लागल्यामुळे. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याचं प्रामाणिक उत्तर 'सगळ्यावर सारखा भरवसा ठेवू नका' असं आहे. खगोलशास्त्रातलं एखादं विधान किती टिकेल हे ते कोणत्या मोजमापावर उभं आहे त्यावर ठरतं. काही विधानं शंभर वर्षांत तसूभर हललेली नाहीत आणि काही आकडे त्याच शंभर वर्षांत सातपट बदलले आहेत. कोणतं कोणत्या जातीचं हे ओळखायचं असेल तर दुर्बीण नेमकं काय करते, तिथून सुरुवात करावी लागेल.

'किती पट मोठं दिसतं' हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. संशोधनात तो जवळजवळ कुणी विचारत नाही. विचारतात ते आरशाचा व्यास. अंधारात पूर्ण उघडलेली डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटरची असते. १० मीटरच्या आरशाचं क्षेत्रफळ तिच्या सुमारे २० लाख पट भरतं, म्हणजे तितका जास्त प्रकाश गोळा होतो. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही, कॅमेरा तासन्‌तास साठवतो. अंधुक गोष्टी दिसू लागतात त्या या दोन कारणांनी.

व्यासाचा दुसरा फायदा बारकाव्याचा. जवळजवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसायला त्यांच्यात किती कोन हवा, हे तरंगलांबी भागिले व्यास, गुणिले १.२२ या सूत्राने मिळतं. हबल या अवकाशातल्या दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा आहे, तेव्हा हिरव्या प्रकाशात ही मर्यादा ०.०५ विकला येते (एका अंशाच्या ३,६०० व्या भागाला विकला म्हणतात). आता जेम्स वेब ही अवकाशातलीच नवी दुर्बीण घ्या. आरसा ६.५ मीटरचा, पण ती प्रामुख्याने अवरक्त प्रकाशात (लाल रंगापलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या लांब तरंगांच्या प्रकाशात) पाहते. २ मायक्रोमीटर तरंगलांबीला तिची मर्यादा ०.०८ विकला निघते. म्हणजे वेबचं चित्र हबलपेक्षा बारीक असतंच असं नाही. ती दुसऱ्याच कामासाठी बांधली आहे, त्याकडे पुढे येतो.

जमिनीवरच्या दुर्बिणीच्या आड हवा येते. थरथरत्या हवेमुळे चांगल्या डोंगरमाथ्यावरही ताऱ्याचा ठिपका अर्ध्या ते एका विकलेइतका पसरतो. इतका बारकावा तर २० सेंटीमीटरची दुर्बीणही देते. म्हणजे १० मीटरचा आरसा प्रकाश भरपूर गोळा करतो, पण त्याच्या बारकाव्याचा मोठा भाग हवेत वाया जातो. यावरचा उपाय म्हणजे लवचीक आरसा. लेझरने सुमारे ९० किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरात एक कृत्रिम तारा पेटवायचा, त्याचा प्रकाश हवेने किती वाकवला ते सेकंदाला शेकडो वेळा मोजायचं आणि तेवढ्याच वेळा आरशाचा आकार उलट्या बाजूने बदलायचा. हे तंत्र हवाईतल्या केक आणि चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणींवर बसल्यावर आकाशगंगेच्या केंद्राजवळचे तारे एकेकटे ओळखता आले. त्यांतला एस-२ नावाचा तारा एका न दिसणाऱ्या गोष्टीभोवती १६ वर्षांत फेरी पूर्ण करतो. कक्षेचा आकार आणि फेरीचा काळ कळला की मधलं वस्तुमान केप्लरच्या नियमातून निघतं. ते ४० लाख सूर्यांपेक्षा थोडं जास्त आलं. इथे कृष्णविवर 'दिसलं' नव्हतं. कक्षा मोजता आली, आणि तेवढ्याने काम झालं.

आरशाइतकंच श्रेय आरशामागे बसवलेल्या उपकरणांचं असतं, पण ते सहसा दिलं जात नाही. फोटोच्या काचेवर पडणाऱ्या शंभर प्रकाशकणांपैकी एखाद-दुसराच नोंदला जायचा. सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणारी इलेक्ट्रॉनिक चिप, नव्वदच्या आसपास नोंदते. आरसा तोच ठेवून फक्त काच काढून सीसीडी बसवली, तर १ मीटरच्या दुर्बिणीला ६-७ मीटरच्या दुर्बिणीचं बळ येतं. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. दुप्पट प्रकाश पडला म्हणून काच दुप्पट काळी होत नसे, सीसीडीत मात्र आकडा दुप्पटच येतो. त्यामुळे तेजस्वितेचं मोजमाप अंदाजावर राहिलं नाही.

तरीही सीसीडीतून निघालेलं कच्चं चित्र तसंच वापरता येत नाही. शून्य वेळाचं चित्र घेऊन इलेक्ट्रॉनिक्सची पातळी वजा करायची. तेवढ्याच वेळाचं झाकण लावलेलं चित्र घेऊन उष्णतेने जमलेले इलेक्ट्रॉन वजा करायचे. मग एकसारख्या उजळलेल्या पडद्याच्या किंवा संधिप्रकाशातल्या आकाशाच्या चित्राने भागायचं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलची कमी-जास्त संवेदनशीलता आणि भिंगावरच्या धुळीच्या सावल्या निघून जातात. हे भागायचं राहिलं तर चित्राच्या मधल्या आणि कडेच्या ताऱ्यांच्या तेजात सहज काही टक्क्यांचा खोटा फरक पडतो. वैश्विक किरणांचे (अवकाशातून येऊन सीसीडीवर आदळणाऱ्या वेगवान कणांचे) ठिपके काढायला एका लांब एक्सपोजरऐवजी अनेक छोटी घ्यायची आणि दर वेळी दुर्बीण काही पिक्सेल सरकवायची. तारा आकाशासोबत सरकतो, बिघडलेला पिक्सेल जागचा हलत नाही, आणि वैश्विक किरण एकाच चित्रात असतो. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला तर प्रकाश दहा लाखांत फक्त ८४ भागांनी कमी होतो. तिथे अशा प्रत्येक पायरीवर शोध जगतो किंवा मरतो.

लहान दुर्बीण आणि चांगलं उपकरण या जोडीचं सर्वांत बोलकं उदाहरण १९९५ सालचं आहे. मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला तो फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या १.९३ मीटरच्या दुर्बिणीवर. तेव्हा त्याहून कितीतरी मोठ्या दुर्बिणी जगात होत्या. फरक होता तो वर्णपटमापकाचा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरवून त्यातल्या रेषा मोजणाऱ्या उपकरणाचा. ५१ पेगासी हा तारा त्याच्या ग्रहाच्या ओढीने ४.२३ दिवसांच्या चक्रात सेकंदाला सुमारे ५६ मीटर वेगाने मागे-पुढे होतो. या वेगाने वर्णपटातली रेषा तिच्या तरंगलांबीच्या दोन कोट्यंशांएवढीच सरकते, आणि कॅमेऱ्यावर ते सरकणं एका पिक्सेलच्या छोट्याशा भागाएवढं असतं. एका रेषेवरून ते कधीच सापडलं नसतं. म्हणून हजारो रेषा एकदम घेऊन त्यांचा एकच सरासरी सरक काढतात, आणि त्याच वेळी शेजारच्या प्रकाशतंतूतून थोरियमच्या दिव्याचा वर्णपट घेतात. थोरियमची रेषा हलली तर उपकरण हललं, फक्त ताऱ्याची हलली तर तारा हलला.

पुढे २००३ मध्ये आलेला हार्प्स हा वर्णपटमापक निर्वात टाकीत ठेवला आहे. त्याचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर राखतात, कारण सेकंदाला १ मीटरचा वेग म्हणजे तिथे पिक्सेलचा साधारण हजारावा भाग. पृथ्वीमुळे सूर्य जेमतेम सेकंदाला ९ सेंटीमीटर वेगाने डोलतो, तेव्हा पल्ला अजून बराच आहे. आणि आता अडचण उपकरणाची कमी, ताऱ्याची जास्त झाली आहे. ताऱ्यावरचा डागसुद्धा त्याच्या फिरण्याबरोबर ग्रहासारखाच खोटा डोल दाखवतो. ओळखायची खूण अशी: ग्रहामुळे रेषा आख्खी सरकते, डागामुळे ती एका बाजूला कलंडते. म्हणून नुसती रेषेची जागा पाहत नाहीत, तिचा आकारही तपासतात. 'ग्रह सापडला' आणि 'ग्रह नव्हताच' अशा जोडीने येणाऱ्या बऱ्याच बातम्यांच्या मुळाशी हेच असतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, भरवशाकडे. त्यासाठी देवयानी या दीर्घिकेच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या) अंतराची हकिगत जरा सविस्तर सांगतो, कारण काय टिकतं आणि काय कोसळतं ते तिच्यात स्वच्छ दिसतं.

१९२० च्या सुमारास देवयानी हा आपल्याच आकाशगंगेतला वायूचा ढग आहे की बाहेरचं स्वतंत्र ताऱ्यांचं विश्व, यावर दोन तट होते. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीने देवयानीची एक काच घेतली. तिच्यावर त्यांनी तीन नवतारे (अचानक उजळणारे तारे) म्हणून खुणा केल्या. जुन्या काचांशी ताडून पाहिल्यावर त्यांतली एक खूण खोडली आणि तिथे 'रूपविकारी' या अर्थाची इंग्रजी अक्षरं उद्गारचिन्हासह लिहिली. तो तारा ३१.४ दिवसांच्या आवर्तनाने तेज कमी-जास्त करणारा सेफीड होता. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दाखवून दिलं होतं की सेफीडचं आवर्तन जितकं मोठं, तितकं त्याचं खरं तेज जास्त. खरं तेज कळलं, दिसणारं तेज काचेवर मोजलं, की अंतर निघतं. ते सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं आलं. आकाशगंगेच्या किती बाहेर! वाद तिथे संपला.

आज आपण हे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं मानतो. म्हणजे हबल यांचा आकडा जवळजवळ तिप्पट चुकला होता. पण त्यातून काढलेला निष्कर्ष, 'देवयानी बाहेर आहे', जराही चुकला नव्हता. नऊ लाख असो वा पंचवीस लाख, दोन्ही आकडे आकाशगंगेच्या मापाच्या पलीकडचेच.

चुकीच्या आकड्याने दुसरीकडे मात्र घोटाळा केला. १९२९ मध्ये दीर्घिकांचा दूर जाण्याचा वेग आणि अंतर यांचं प्रमाण मांडलं गेलं. अंतरं कमी धरल्यामुळे विस्ताराचा दर दर मेगापार्सेकला (म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला ५०० किलोमीटर एवढा मोठा आला, आणि त्या दरावरून विश्वाचं वय २०० कोटी वर्षांच्या आसपास निघत होतं. किरणोत्सारी मोजमापांवरून पृथ्वीवरचे खडकच त्याहून जुने ठरत होते. विश्वाहून पृथ्वी म्हातारी! हा विरोध कित्येक वर्षं तसाच पडून होता.

तो सुटला तो नव्या दुर्बिणीला काहीतरी *न दिसल्यामुळे*. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस एंजेलिसवर दिवेबंदी होती, त्यामुळे माउंट विल्सनचं आकाश काळंभोर झालं होतं. त्याचा फायदा घेऊन वॉल्टर बाडे यांनी लाल प्रकाशाला संवेदनशील काचा वापरून देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे केले. १९४४ मध्ये त्यांनी दाखवलं की दीर्घिकांमध्ये ताऱ्यांच्या दोन वेगळ्या जाती असतात, गाभ्यातल्या जुन्या आणि बाहुंमधल्या तरुण. मग पालोमारची २०० इंची दुर्बीण आली. प्रचलित अंतर खरं असेल तर देवयानीतले आरआर लायरी जातीचे रूपविकारी तारे तिच्या काचांवर २२.४ व्या प्रतीच्या आसपास उमटायला हवे होते (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक). ते उमटले नाहीत. जुन्या जातीतले सगळ्यात तेजस्वी तारे तेवढे काचेच्या अगदी मर्यादेवर कसेबसे दिसत होते.

बाडे यांनी याचा अर्थ असा लावला की देवयानीच मानलेल्या अंतराच्या साधारण दुप्पट दूर आहे. सेफीड दोन प्रकारचे असतात, आणि तरुण जातीच्या सेफीडचं तेज आपण १.५ प्रतीने कमी धरत आलो होतो. १.५ प्रत म्हणजे तेजात चौपट, आणि तेज अंतराच्या वर्गाने घटतं म्हणून अंतरात दुप्पट. १९५२ मध्ये रोमच्या आंतरराष्ट्रीय खगोल परिषदेत त्यांनी हे मांडलं तेव्हा दीर्घिकांची सगळी अंतरं एका झटक्यात दुप्पट झाली, विश्वाचं वयही दुप्पट झालं. विस्ताराचा नियम मात्र जसाच्या तसा राहिला. अंतर दुप्पट केलं की सगळ्यांचंच होतं, प्रमाण बिघडत नाही.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: 'बाहेर आहे की आत', 'वेग अंतराबरोबर वाढतो की नाही' अशी विधानं आकडा चुकला तरी टिकतात. 'नेमकं किती दूर', 'नेमकं किती वय' हे आकडे एका मोजपट्टीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशा चढणीने मिळतात, आणि खालची पट्टी सरकली की वरचं सगळं सरकतं. बातमीत कोणती गोष्ट बदलली आहे ते आधी पाहा.

नव्या तरंगलांबीची दुर्बीण वेगळ्या तऱ्हेने धक्का देते. तिथे जुना आकडा सुधारत नाही, जे कुणी शोधतच नव्हतं ते समोर येतं. क्ष-किरण वातावरणात शोषले जातात, म्हणून १९६२ मध्ये रॉकेटवरून उपकरण वर जाईपर्यंत वृश्चिक राशीतला प्रखर क्ष-किरण स्रोत कुणालाच माहीत नव्हता. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना पल्सार (ठरावीक अंतराने रेडिओ ठोके देणारा तारा) सापडला, कारण त्यांची रेडिओ दुर्बीण सौरवाऱ्यामुळे होणारी रेडिओ स्रोतांची लुकलुक टिपण्यासाठी सेकंदाच्या छोट्या भागातले बदल नोंदणारी होती. त्या काळच्या बहुतेक रेडिओ दुर्बिणी नोंद गुळगुळीत करायला सेकंदांची सरासरी घेत, १.३४ सेकंदांनी येणारा ठोका त्यांत विरून गेला असता.

आद्य प्रारणाची, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीपासून उरलेल्या प्रारणाची, गोष्ट यात सगळ्यात शिकण्यासारखी आहे, कारण तिथे शोध म्हणजे जवळजवळ पूर्णपणे उपकरणावरचा संशय फेडणं होतं. आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन ७.३५ सेंटीमीटर तरंगलांबीवर एका शिंगाच्या आकाराच्या अँटेनाने मोजत होते. त्यांनी अँटेनासोबत द्रव हीलियमने थंड केलेला एक संदर्भ जोडला होता, आणि आळीपाळीने आकाश व संदर्भ यांच्याकडे पाहून फरक काढत होते. म्हणूनच त्यांचा आकडा निरपेक्ष होता, आणि तीच खरी गोम. त्यात सुमारे ३.५ केल्विन जास्त येत होते (रेडिओ लहरींची तीव्रता तापमानाच्या एककात सांगतात). हवेचा वाटा आकाशाच्या वेगवेगळ्या उंचीला मोजून वेगळा केला. न्यूयॉर्ककडे तोंड करून पाहिलं. अँटेनाच्या जोडांवर ॲल्युमिनियमची पट्टी लावली. शिंगात घरटं केलेली कबुतरं हलवून त्यांची घाण साफ केली. आकडा तसाच. दिशा बदलली, ऋतू बदलले, आकडा तसाच. १९६५ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचा अर्थ दुसऱ्या एका गटाने सांगितला: तापलेल्या आद्य विश्वाचं हे निवलेलं प्रारण. पुढे १९८९ मध्ये गेलेल्या कोबी उपग्रहाने तापमान २.७ केल्विनच्या जवळ नेमकं केलं आणि त्यात लाखात एक भागाइतके चढउतार शोधले. त्या चढउतारांच्या नकाशावरून आज विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं निघतं. तीन उपग्रहांनी हेच मोजलं, दर वेळी जास्त बारकाईने, आणि चित्र एकमेकांशी जुळलं. अशा निष्कर्षावर भरवसा ठेवायला माझी काही हरकत नाही.

आता वेबकडे. 'महास्फोट झालाच नाही' अशा मथळ्यांचा उगम बहुधा इथेच असतो. हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगांचा प्रकाश गिळतो. फार दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश विश्वाच्या विस्तारामुळे वाटेत ताणला जातो, आणि तो किती ताणला गेला ते ताम्रसृती या आकड्यात सांगतात. ताम्रसृती १४ असेल तर सगळ्या तरंगलांबी १५ पट होतात, म्हणजे ही गिळण्याची सीमा १.८ मायक्रोमीटरवर येते. हबल दुर्बीण १.७ मायक्रोमीटरपर्यंतच पाहू शकते. म्हणजे अशी दीर्घिका हबलला अंधुक नाही, साफ अदृश्य आहे. कितीही तास पाहा. वेब २८ मायक्रोमीटरपर्यंत पाहते, आणि त्यासाठी तिचा आरसा पाच पदरी पडद्याच्या सावलीत उणे २२० अंशांच्या आसपास थंड राहतो. तो हबलसारखा खोलीच्या तापमानाला असता तर स्वतःच अवरक्तात चमकून आकाश झाकून टाकता.

अशी दीर्घिका शोधण्याची पहिली पायरी स्वस्त आणि घाईची असते: वेगवेगळ्या फिल्टरमधून चित्रं घ्यायची आणि कोणत्या फिल्टरपासून पुढे ती दिसू लागते ते पाहायचं. सीमा कुठे पडते त्यावरून ताम्रसृतीचा अंदाज येतो. गडबड अशी की धुळीने लालसर झालेली जवळची दीर्घिकासुद्धा तसाच आव आणते. २०२२ मध्ये एका दीर्घिकेची ताम्रसृती अशा पद्धतीने १६ च्या वर सांगितली गेली. पुढच्या वर्षी तिचा वर्णपट घेतला तेव्हा ती ४.९ निघाली. तिच्या तापलेल्या वायूतल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या प्रखर रेषा नेमक्या अशा फिल्टरांत पडल्या होत्या की सीमा असल्याचा भास झाला. महास्फोटानंतर २५ कोटी वर्षांची म्हणून गाजलेली दीर्घिका १२० कोटी वर्षांच्या काळातली ठरली.

याच्या उलट, २०२४ मध्ये ताम्रसृती १४.३ ची म्हणून जाहीर झालेली दीर्घिका वर्णपटावर उभी होती. मग आल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या संचाने तिच्यातल्या ऑक्सिजनची रेषा पकडली आणि आकडा १४.१८ असा पक्का केला. दोन वेगळी उपकरणं, दोन वेगळ्या तरंगलांबी, तेच उत्तर. महास्फोटानंतर सुमारे ३० कोटी वर्षांनी इतकी तेजस्वी दीर्घिका, आणि तिच्यात ऑक्सिजनसुद्धा: हे खरोखर अनपेक्षित आहे. पण त्याने प्रश्न उभा राहतो तो पहिले तारे किती वेगाने आणि किती जड बनले याबद्दल. विश्वाचा विस्तार किंवा आद्य प्रारण यांना त्याने धक्का लागत नाही.

म्हणून अशी बातमी वाचताना एक सवय लावून घ्या. दिलेली ताम्रसृती फिल्टरांवरून काढलेली आहे की वर्णपटावरून, ते शोधा. बातमीत 'उमेदवार' हा शब्द असेल तर ती बहुधा फिल्टरांवरून आहे, मग सहा महिने-वर्षभर थांबा. आकड्यासोबत कमी-जास्तीची मर्यादा दिली आहे का ते पाहा. आणि दुसऱ्या उपकरणाने तेच पाहिलं का, हे विचारा.

या शेवटच्या प्रश्नाचं वजन किती असतं ते हबलच्याच आरशाने दाखवलं. तो इतका गुळगुळीत घासला होता की सांगता सोय नाही, पण चुकीच्या आकारात: कडेला २.२ मायक्रोमीटर जास्त सपाट. आकार तपासायच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर सरकून बसलं होतं. दुसऱ्या दोन साध्या चाचण्यांत दोष दिसला होता, पण मुख्य उपकरण जास्त अचूक म्हणून त्या बाजूला सारल्या गेल्या. १९९० मध्ये दुर्बीण वर गेली, चित्रं धूसर आली, आणि १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती करेपर्यंत तशीच राहिली. दोन मोजमापं जुळत नसतील तर जास्त अचूक असेल त्याचं खरं मानण्याचा मोह होतो. आधी ती का जुळत नाहीत ते शोधायचं असतं.

आजही असंच एक न जुळणं समोर आहे, आणि नव्या दुर्बिणींची खरी परीक्षा तिथे आहे. सेफीड आणि अतिनवताऱ्यांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) मोजपट्टीने विश्वाचा विस्तारदर, वरच्याच एककात, ७३ च्या आसपास येतो. प्लांक उपग्रहाच्या आद्य प्रारणाच्या नकाशावरून तो ६७.४ येतो. हबलच्या चित्रांत सेफीड शेजारच्या ताऱ्यांत मिसळून जास्त तेजस्वी वाटत असावेत, हा मोठा संशय होता. वेबने तेच सेफीड अवरक्तात, शेजाऱ्यांपासून सुटे करून मोजले, आणि तो संशय टिकला नाही. दुसऱ्या जातीचे तारे मोजपट्टी म्हणून घेणाऱ्या काही संशोधकांना मात्र ७० च्या जवळचा आकडा मिळतो. म्हणजे बाडे यांच्या वेळेसारखी खालची एखादी पट्टी सरकलेली असू शकते, किंवा विश्वाच्या रचनेत काहीतरी आपल्या हिशोबाबाहेरचं असू शकतं. कोणत्याही बाजूने आज पैज लावणं घाईचं होईल.

यातून सुटायला सेफीडच नको असलेली मोजपट्टी हवी, आणि ती मिळू लागली आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मृत ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या) टकरीतून उठलेल्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाच्याच ताणाचे तरंग, नोंदल्या गेल्या आणि १.७ सेकंदांनी गामा किरणांचा झोत आला. लहरींच्या आकारावरून अंतर थेट निघतं, मध्ये कुठली शिडी नाही. प्रकाशी दुर्बिणींनी ती टक्कर कोणत्या दीर्घिकेत झाली ते शोधलं, तिचा वेग वर्णपटातून मिळाला, आणि विस्तारदर ७० आला, वर १२ आणि खाली ८ इतक्या अनिश्चिततेसह. त्यात ६७ ही बसतो आणि ७३ ही. अनिश्चितता घटनांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते. तेव्हा ती १-२ पर्यंत आणायला अशा पन्नास ते शंभर टकरी हव्यात, आणि प्रत्येकीची दीर्घिका वेळेत सापडायला हवी. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा ८.४ मीटरचा आरसा आणि ३२० कोटी पिक्सेलचा कॅमेरा एका दृष्टिक्षेपात चाळीसहून अधिक पूर्णचंद्रांएवढं आकाश टिपतो. काही दिवसांत विझून जाणारी टकरीची चमक एवढ्या मोठ्या आकाशात शोधायची, तर नेमकं असंच उपकरण लागतं.